‘शिवाय’ आणि ‘ऐवजी’: तेल, तूप आणि आपलं यकृत

काकूंच्या एका हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि दुसऱ्या हातात ऑलिव्ह ऑइलची बाटली. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत दुपारी तीन वाजता सगळे पडलेले असतात, तरी त्या दोन जिने चढून आल्या होत्या. “अगं, हे वाच जरा. ग्रेड वन फॅटी लिव्हर म्हणे. मी जन्मात दारूला शिवले नाही, मग माझ्या लिव्हरला झालं तरी काय?” मग त्यांनी बाटली पुढे केली. “मुलाने आणलीय. आठ दिवस झाले, सकाळी अनशापोटी एक चमचा घेतेय. याने लिव्हर साफ होतं ना?”

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. मी डॉक्टर नाही, औषध सांगत नाही. पण वनस्पती तेलांचा यकृताशी काय संबंध आहे, हे शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि काकूंचा प्रश्न हल्ली घरोघरी विचारला जातो. कुणी जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतं, कुणी कलौंजीचं तेल, कुणी घाण्याचं. म्हणून त्यांना त्या दिवशी तासभर बसून जे सांगितलं, ते इथे नीट लिहिते.

काकूंना मी आधी एकच विचारलं. हा चमचा तुम्ही कशाच्या ऐवजी घेता? त्या म्हणाल्या, “ऐवजी कसलं? बाकी सगळं आहे तसंच आहे. हा त्याशिवाय.” सगळा विषय या ‘ऐवजी’ आणि ‘शिवाय’ या दोन शब्दांमध्ये आहे.

आपल्या भाषेत यकृताला जुना शब्द आहे काळीज. मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो तीच. पुढे बोलण्यात काळीज म्हणजे हृदय असं झालं, पण मूळ अवयव हा. उजव्या बरगड्यांच्या आड, मोठ्या माणसात साधारण दीड किलो वजनाचा. ताजी कलेजी पाहिली असेल तर तिचा गर्द तपकिरी-लाल रंग आठवा. चरबी भरलेलं यकृत पिवळट पडतं आणि हाताला तेलकट लागतं. आम्ही मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा काप दाखवतो तेव्हा गुलाबी पेशींमध्ये पांढरी गोल भोकं दिसतात. काप तयार करताना वापरलेल्या रसायनांत चरबी विरघळून जाते आणि तिची रिकामी जागा तेवढी उरते. पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांना वाटतं की पेशी फुटल्या आहेत. फुटलेल्या नसतात. त्यांच्या पोटात चरबीचा थेंब मावेनासा झालेला असतो, आणि पेशीचं केंद्रक एका कडेला ढकललं गेलेलं असतं.

निरोगी यकृतात चरबी पाच टक्क्यांच्या आत असते. त्याच्या वर गेली की फॅटी लिव्हर. साधी सोनोग्राफी एवढी थोडी चरबी पकडू शकत नाही. साधारण वीस-तीस टक्क्यांपर्यंत पोचल्यावरच ती नीट दिसू लागते. म्हणजे ‘ग्रेड वन’ हा शब्द सौम्य वाटला तरी तोवर बरीच साठवण झालेली असते. आणि रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा तपासणीतला आकडा, अनेकदा अगदी नॉर्मल येतं, म्हणून लोक निश्चिंत राहतात.

चरबी साठते कशी, हे समजायला वाशीचं एपीएमसी मार्केट डोळ्यांसमोर आणा. रात्रभर ट्रक येतात, माल उतरतो, निवडला जातो, पोत्यात भरला जातो आणि पहाटे मुंबई-ठाण्याकडे रवाना होतो. यकृत हेच करतं. आतड्यातून, रक्तातून, शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून मेदाम्लं, म्हणजे चरबी ज्यांची बनते ते घटक, येतात. काही तिथेच जाळली जातात, काही बांधून रक्तात परत पाठवली जातात. येणारा माल जाणाऱ्यापेक्षा सतत जास्त झाला, की गाळे भरतात.

पोत्यात बांधलेला माल गाळ्यात पडून राहिला तर जागा अडते, पण लगेच नासधूस होत नाही. माल सुटा होऊन गल्लीत सांडला, तर वाहतूकच थांबते. यकृतातही ट्रायग्लिसराइड नावाच्या बांधलेल्या रूपातली चरबी तुलनेने निमूट असते. खरा त्रास देतात ती सुटी मेदाम्लं आणि त्यांच्यापासून तयार होणारे सिरॅमाइडसारखे पदार्थ. ते पेशीच्या आतली प्रथिनं घडवणारी यंत्रणा बिघडवतात, इन्सुलिनचा निरोप पेशीपर्यंत पोचू देत नाहीत आणि जळजळ सुरू करतात. जळजळ वर्षानुवर्षं राहिली की तिथे व्रणासारखे कठीण धागे बनतात, आणि त्याच्या शेवटच्या टोकाला सिरॉसिस असतो. प्रत्येक फॅटी लिव्हर तिथवर जात नाही, बहुतेक जात नाहीत. पण कुणाचं जाईल हे नुसत्या ‘ग्रेड वन’वरून सांगता येत नाही.

आता तेलाकडे येऊ. सगळ्या तेला-तुपात एका ग्रॅमला नऊ कॅलरी असतात. ऑलिव्ह असो, घाण्याचं शेंगदाणा असो, पाम असो की साजूक तूप, इथे भेद नाही. भेद आहे तो मेदाम्लांच्या आकारात. संपृक्त मेदाम्लाची साखळी सरळ काठीसारखी असते. काठ्या एकमेकींना चिकटून घट्ट रचल्या जातात, म्हणून तूप आणि वनस्पती तूप (डालडा) गोठतात. जानेवारीत एखाद्या थंड सकाळी न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली पांढरी झालेली दिसते ती याचमुळे. असंपृक्त मेदाम्लाच्या साखळीत एक किंवा अनेक ठिकाणी वाक असतो, मोळी नीट बांधली जात नाही, म्हणून करडई-सूर्यफूल पातळच राहतं.

हा वाक यकृताला उपयोगी पडतो. पामतेलात भरपूर असलेलं पामिटिक हे सरळ मेदाम्ल पेशीत एकटंच आलं, तर ते सहजासहजी पोत्यात भरलं जात नाही. ते सुटं राहतं आणि सिरॅमाइड बनायला कच्चा माल पुरवतं. त्याच्याबरोबर ओलिक हे एक वाक असलेलं मेदाम्ल आलं, तर दोन्ही मिळून ट्रायग्लिसराइडमध्ये बांधली जातात आणि पेशी वाचते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये हे अनेकदा दिसलं आहे. बहुअसंपृक्त मेदाम्लं, म्हणजे दोन किंवा अधिक वाक असलेली, आणखी एक काम करतात. यकृत स्वतः साखरेपासून चरबी बनवतं त्या कारखान्याचं बटण ती मंद करतात. ओमेगा-३ जातीची मेदाम्लं चरबी जाळण्याचं बटण वाढवतात.

इथवर ऐकून काकूंचा चेहरा खुलला. “म्हणजे बाटली बरोबर आहे!” म्हणून मग त्यांना उंदरांची गोष्ट सांगावी लागली.

‘अमुक तेलाने यकृताचं रक्षण होतं’ अशा बातम्या येतात, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी उंदरांवरचे प्रयोग असतात. उंदरांना चरबीयुक्त आहार देऊन आधी यकृत बिघडवतात. प्रयोगशाळेत रूढ असलेल्या एका आहारात साठ टक्के कॅलरी चरबीतून येतात, आणि ती मुख्यतः डुकराची. माणसाच्या 2000 कॅलरींच्या हिशेबाने ते रोज 133 ग्रॅम चरबी खाण्यासारखं झालं. काही आठवड्यांत उंदराचं यकृत पिवळं पडतं. मग दुसऱ्या गटाला त्यातल्याच काही चरबीच्या जागी जवसाचं, तिळाचं किंवा ऑलिव्हचं तेल देतात, आणि त्यांचं यकृत बरं दिसतं. हे प्रयोग मोलाचे आहेत, वरची सगळी बटणं आपल्याला अशाच प्रयोगांतून समजली. पण अशा प्रयोगात चरबी एकूण तेवढीच असते. एक काढून दुसरी घातलेली असते. बातमीत ‘काढून’ हा शब्द गळतो, ‘घातली’ एवढाच उरतो.

माणसांवरचे प्रयोग कमी आहेत, पण जे आहेत ते सुंदर आहेत. स्वीडनमधल्या उप्साला इथे केलेला आणि 2014 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी दर वर्षी वर्गात सांगते. 39 तरुण, सडपातळ माणसांना सात आठवडे रोजच्या जेवणाखेरीज जादाचे मफिन खायला दिले. एका गटाच्या मफिनमध्ये पामतेल, दुसऱ्या गटाच्या मफिनमध्ये सूर्यफूल तेल. बाकी साखर, मैदा, कॅलरी सारख्याच. दोन्ही गटांचं वजन सारखंच वाढलं, सुमारे 1.6 किलो. पण एमआरआयमध्ये पाहिलं तेव्हा पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत चरबी स्पष्ट जास्त जमली होती. सूर्यफूलवाल्यांच्या वाढलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा होता. वजनकाटा दोघांनाही एकच आकडा दाखवत होता, आणि आत मात्र दोन वेगळ्या गोष्टी घडत होत्या.

दुसरा प्रयोग फिनलंडचा, 2018 चा. जाड्या म्हणता येतील अशा 38 माणसांना तीन आठवडे रोज एक हजार कॅलरी जादा दिल्या. एका गटाला खोबरेल तेल, लोणी, चीज असं संपृक्त, दुसऱ्याला ऑलिव्ह तेल आणि कवचाची फळं असं असंपृक्त, तिसऱ्याला गोड पेयं, रस, गोळ्या-चॉकलेटं. यकृतातली चरबी पहिल्या गटात 55 टक्क्यांनी वाढली, तिसऱ्यात 33 टक्क्यांनी, दुसऱ्यात 15 टक्क्यांनी. दुसऱ्या गटातही चरबी वाढलीच, हे नजरेतून सुटू देऊ नका. चांगलं तेल वर ओतलं तरी यकृत फुगतं, फक्त कमी फुगतं.

आणि आपल्या जवळचा प्रयोग दिल्लीचा, तोही 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला. फॅटी लिव्हर असलेल्या 93 पुरुषांना सहा महिने स्वयंपाकाचं तेल बदलून दिलं. कुणाला ऑलिव्ह, कुणाला कनोला (मोहरीच्या जातीचं तेल), कुणाला नेहमीचं सोयाबीन किंवा करडई. ऑलिव्ह आणि कनोलाच्या गटांत सोनोग्राफीतली ग्रेड जास्त जणांची सुधारली. ही बातमी वाचून लोक महागड्या बाटल्या आणतात. पण त्या प्रयोगात तेलाला दिवसाला 20 ग्रॅमची मर्यादा होती, आणि ते तेल घरातल्या नेहमीच्या तेलाच्या जागी वापरलं होतं. सकाळी चमच्याने कुणीही पीत नव्हतं.

पिण्याचा विषय निघालाच आहे तर ‘लिव्हर फ्लश’ बद्दल सांगते, कारण ती चित्रफीत आमच्या इमारतीच्या ग्रुपवर दोनदा फिरली आहे. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस भरपूर प्यायचा, दुसऱ्या दिवशी शौचावाटे हिरवट खडे पडतात, म्हणजे पित्ताचे खडे निघाले आणि यकृत धुतलं गेलं. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी असे खडे तपासून 2005 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. ते पित्ताचे खडे नव्हतेच. प्यायलेल्या तेलातली मेदाम्लं आणि लिंबाच्या रसातले क्षार यांचा पोटात बनलेला तो साबण होता. पित्ताशयात खरोखर खडे असतील तर एवढं तेल एकदम पिणं धोक्याचं आहे. पित्ताशय जोराने आकुंचन पावतं, आणि एखादा खडा नळीत अडकला तर थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

व्हिटॅमिन ई चं असंच. अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, यकृतात जळजळ असलेल्या पण मधुमेह नसलेल्या रुग्णांना रोज 800 युनिट व्हिटॅमिन ई दिलं. 96 आठवड्यांनी त्यातल्या 43 टक्क्यांत सुधारणा दिसली, औषधासारखी दिसणारी रिकामी गोळी घेणाऱ्यांत 19 टक्के. हे खरं आहे. आणि सूर्यफूल तेलात व्हिटॅमिन ई भरपूर असतं, हेही खरं. पण 800 युनिट तेलातून मिळवायचे तर रोज सव्वा किलोच्या वर सूर्यफूल तेल लागेल. औषधाच्या मात्रेतला गुण स्वयंपाकाच्या तेलाला लावता येत नाही. त्या गोळ्याही डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांचे स्वतःचे धोके आहेत.

“मग घरात आणू काय?” काकू मुद्द्यावर आल्या.

शेंगदाणा तेलाबद्दल मी मनापासून चांगलं बोलते. त्यात जवळपास निम्मं ओलिक असतं, तिसरा हिस्सा बहुअसंपृक्त, आणि संपृक्त पाचव्या हिश्श्याच्या आत. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातलं हे तेल यकृताच्या हिशेबानेही पहिल्या रांगेत बसतं. तिळाच्या तेलात दोन्ही प्रकार जवळजवळ सारखे, शिवाय सिसॅमिनसारखे तिळाचे खास घटक. तांदळाच्या कोंड्याचं तेल, म्हणजे राइस ब्रॅन, त्याच पंगतीतलं. करडई आणि कारळ्याच्या तेलात बहुअसंपृक्ताचा भरणा. करडईत तर साधारण तीन चतुर्थांश. ते एकटंच वर्षभर वापरण्यापेक्षा शेंगदाण्याबरोबर आलटूनपालटून वापरावं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३, पण ते तापवू नये, लवकर खराब होतं. त्यापेक्षा जवसाची चटणी करावी, विदर्भ-मराठवाड्यात करतात तशी. त्यात चोथाही मिळतो. जवसातला ओमेगा-३ शरीरात माशातल्या ओमेगा-३ मध्ये फारच थोडा बदलतो, म्हणून मासे खाणाऱ्यांनी चेंदणी कोळीवाड्यातून तारली किंवा बांगडा आणला तर उत्तमच. फक्त तो तेलात बुडवून तळू नये.

खोबरेल तेलाबद्दल कोकणातल्या माझ्या माहेरच्या माणसांशी माझा वाद होतो. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी आहे. नारळाच्या रसातली माशाची आमटी आठवड्यातून एकदा खाल्ली तर काही बिघडत नाही, पण ‘लिव्हरसाठी चांगलं’ म्हणून खोबरेल तेल चमच्याने खाण्याला काहीही आधार नाही. तुपाचंही तेच. वरणभातावरची धार असू द्या, पण मग पोळीवरचं आणि शिऱ्यातलं तूप मोजून.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या तेलाची. बिस्किटाचा पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. पामतेल किंवा पामोलिन हे शब्द भेटतील. खारी, टोस्ट, नानकटाई, फरसाण, चिप्स, आइस्क्रीमसारखी गोठवलेली मिष्टान्नं, सगळीकडे. पामतेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. स्वयंपाकघरात महागडं ऑलिव्ह तेल आणि चहाबरोबर रोज चार खारी, असं असेल तर वरच्या मफिनच्या प्रयोगात आपण कुठल्या गटात आहोत ते उघड आहे. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना बनणाऱ्या घातक चरबीवर, सरकारने 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आणली आहे, हे फार चांगलं झालं. पण वनस्पती तुपातली संपृक्त चरबी तशीच राहते.

आता घाण्याच्या तेलाबद्दल, कारण ठाण्यात गेल्या काही वर्षांत लाकडी घाण्याची दुकानं वाढली आहेत. घाण्याच्या तेलाला जो वास आणि चव असते ती मला प्रिय आहे. त्यात व्हिटॅमिन ई आणि तिळाचे घटक जास्त टिकतात. मेदाम्लं मात्र रिफाइंडसारखीच, कॅलरीही तितक्याच. आणि शेंगदाण्याच्या बाबतीत एक गोष्ट यकृताशी थेट जोडलेली आहे. ओलसर साठवलेल्या दाण्यावर एक बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष यकृतावरच जातं, दीर्घकाळ पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, ते अशा शेंगदाण्याच्या पेंडीने. तेव्हाच या विषाचा शोध लागला. 1974 मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराच्या वर माणसं दगावली. रिफाइंड करताना हे विष जवळजवळ सगळं निघून जातं, घाण्यावर निघत नाही. म्हणून घाण्याच्या तेलाचा दर्जा म्हणजे दाण्याचा दर्जा.

मी जिथून घेते तिथला माणूस पोतं उघडून दाखवतो. मूठभर दाणे हातावर घ्यायचे, काळे पडलेले, सुरकुतलेले, फुटके किती आहेत ते पाहायचं, एक चावून बघायचा. कडसर लागला तर नको. आमच्याकडे जुलैत भिंतींना ओल येते, तेव्हा तर मी पोतं पाहिल्याशिवाय तेल घेतच नाही. घाण्याजवळ उभं राहिलं की गरम पेंडीचा वास येतो आणि धार पडताना तेल थोडं गढूळ दिसतं. तळाशी गाळ बसू द्यायला दोन दिवस लागतात. दाणे दाखवायला कुणी कां-कूं केलं, तर त्याच्याकडून मी रिफाइंड शेंगदाणा परवडला म्हणेन.

तळणाचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवणं हे चांगल्या तेलालाही वाईट करतं. वाक असलेली मेदाम्लं हवेशी लवकर संयोग पावतात, म्हणून करडई-सूर्यफूल तळणाला मुळात कमी योग्य. हॉटेलांसाठी नियम आहे की तेलातले ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे तापवून तापवून बनणारे खराब पदार्थ, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल टाकून द्यायचं, 2018 पासून. घरी मोजायला यंत्र नसतं. तेल काळपट, घट्ट झालं, फेस धरू लागलं की संपलं असं समजावं.

इतकं सगळं ऐकून काकू म्हणाल्या, “पण मी तर तळलेलं फारसं खातच नाही. संध्याकाळी दोन बिस्किटं, साबुदाण्याची खिचडी उपासाला, आणि गोड आवडतं एवढंच.” तेव्हा मी त्यांना फ्रान्समधल्या बदकांबद्दल सांगितलं. तिथे ‘फ्वा ग्रा’ नावाचा एक पदार्थ आहे, त्याचा अर्थच ‘चरबीचं यकृत’. बदकाच्या घशात नळी घालून त्याला बळजबरीने भरवतात. ही क्रूर पद्धत आहे, आणि त्याची आयात भारताने 2014 मध्ये बंद केली हे मला फार योग्य वाटतं. पण काय भरवतात ते लक्षात घ्या. चरबी नव्हे, मका. नुसत्या मक्यावर दोनेक आठवड्यांत यकृत कितीतरी पट मोठं आणि चरबीने गच्च होतं. पिठापासून आणि साखरेपासून यकृत स्वतः चरबी बनवतं.

माणसातही मोजलं गेलं आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात फॅटी लिव्हरमधल्या चरबीचा माग काढला. 59 टक्के चरबी शरीरातल्या साठ्यातून, म्हणजे मुख्यतः पोटा-कमरेच्या चरबीतून सुटून आलेली. 26 टक्के यकृताने स्वतः बनवलेली. थेट जेवणातल्या तेला-तुपातून आलेली फक्त 15 टक्के. मग तेल बदलून काय होणार, असं कुणीही विचारेल. उत्तर त्या फिनलंडच्या प्रयोगातच आहे. संपृक्त चरबी खाणाऱ्यांच्या साठ्यातून मेदाम्लं जास्त सुटू लागली होती, असंपृक्त खाणाऱ्यांच्या साठ्यातून कमी. साखरवाल्यांच्या यकृतातला कारखाना जोरात चालू लागला होता. जेवणातलं तेल 59 टक्क्यांच्या नळावरही हात ठेवतं, म्हणून त्याचा विचार करायचा. पण गोड आणि मैदा तसाच ठेवून नुसतं तेल बदललं, तर 26 टक्क्यांचा नळ वाहताच राहतो.

काकू सडपातळ आहेत, म्हणून त्यांना हे खोटं वाटत होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2. आपल्या लोकांत बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी लपलेली असते, आणि ती पोटाच्या आत, यकृताच्या शेजारी बसते. साडीच्या मापाने ती कळत नाही, कमरेला टेप लावली की कळते. फॅटी लिव्हर हा दारूड्यांचा आजार नाही, हे आता नावातही आलं आहे. 2023 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ‘नॉन-अल्कोहोलिक’ हे जुनं नाव सोडून चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नवं नाव घेतलं, एमएएसएलडी. केंद्र सरकारने 2021 मध्येच हा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे.

शेवटी प्रमाणाचा हिशेब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2000 कॅलरींच्या आहारासाठी रोज 27 ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. काकूंच्या घरी चार माणसं. पाच लिटरच्या डब्यात साधारण साडेचार किलो तेल. चौघांना 27 ग्रॅमप्रमाणे हा डबा 42 दिवस पुरायला हवा. “आमचा किती पुरतो कोण बघतंय,” त्या म्हणाल्या. किराण्याची पावती त्यांच्या पर्समध्येच होती. मागचा डबा 25 दिवसांत संपला होता. म्हणजे माणशी रोज 45 ग्रॅम, तूप आणि बाहेरचं खाणं वेगळं. घरात कुणीच तळकट खात नव्हतं. फोडणीत, भाजीच्या तर्रीत, पोळीला लावण्यात आणि कांदा परतण्यातच सगळं गेलं होतं, कारण तेल डब्यातून थेट कढईत ओतलं जात होतं.

वजन जास्त असेल तर ते कमी करण्याइतकं परिणामकारक अजून काही सापडलेलं नाही. क्युबात 293 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, वर्षभरात दहा टक्के वजन उतरवलेल्यांपैकी बहुतेकांची जळजळ गेली आणि अनेकांचे कठीण धागेही मागे हटले. काकूंसारख्या बारीक माणसाने कमरेचा घेर आणि स्नायू यांकडे बघायचं. मधुमेह असेल, किंवा घरात कुणाला यकृताचा आजार झाला असेल, तर डॉक्टरांना ‘फायब्रोस्कॅन’ आणि ‘फिब-फोर’ याबद्दल मुद्दाम विचारा. यकृतात धागे किती बनलेत याचा अंदाज त्यातून येतो, आणि फिब-फोर तर वय आणि साध्या रक्ततपासणीच्या तीन आकड्यांवरून काढता येतो.

काकूंनी अनशापोटीचा चमचा त्याच दिवशी बंद केला. ती बाटली आता त्यांच्या कोशिंबिरीच्या फोडणीला जाते, शेंगदाणा तेलाच्या जागी. बिस्किटांच्या डब्यात भाजलेले चणे आलेत. तेलाच्या भांड्यात त्यांनी लहान चमचा टाकलाय आणि नवीन डबा उघडला की त्यावर मार्करने तारीख लिहितात. पहिला डबा 31 दिवस पुरला. दुसऱ्यात गणपती आले, तळणीचे मोदक झाले, तरी 33. तिसऱ्या डब्यावर आता 4 तारीख लिहिलेली आहे, आणि सोनोग्राफी जानेवारीत आहे.